दोन मिनिटं त्रेचाळीस सेकंदांचं भांडण

१२ जुलै २०२२, ब्रियाँसों

पहाटे चारला आइन्डहोव्हन सोडलं आणि संध्याकाळी फ्रेंच आल्प्समधल्या ब्रियाँसोंच्या कॅम्पिंगमध्ये तंबू ठोकला. गाडी दाजींची, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ताईची, आणि रस्ताभर चाललेलं भांडण आम्हा दोघांचं. दाजी हॉलंडात नोकरी करतात, त्यामुळे जंबो-व्हिस्मा हा डच संघ त्यांना घरचा वाटतो. मी पुण्यात बसून टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत बघणारा, पोगाचारचा माणूस. स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारनं २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं टूर जिंकली. या वर्षीही सहावा आणि सातवा टप्पा मारून पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर आहे.

"यंदा त्याला आम्ही घेरणार," दाजी म्हणाले.

"घेरायला माणूस कोण आहे तुमच्याकडे?"

"माणूस नाही, माणसं आहेत. बघच तू."

टूर पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २१ टप्पे, २२ संघ, प्रत्येक संघात ८ जण. टप्प्याचा विजेता रोज नवा. पण सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वात कमी, त्याला पिवळी जर्सी. हिरवी जर्सी गुणांची, पांढरी तरुणांतल्या पहिल्याची, आणि पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी चढावर सरस ठरेल त्याची. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तसाच हा मान. इथे घाट तेवढे तीन आठवडे संपत नाहीत.

आज मेजेव्हच्या टप्प्यात हवामानबदलाच्या प्रश्नावर आंदोलन करणारी मुलं रस्त्यात बसली आणि शर्यत काही वेळ थांबवावी लागली. संध्याकाळचा हिशेब असा: पोगाचार पहिला, जर्मनीचा केम्ना ११ सेकंदांनी मागे, आणि दाजींच्या संघाचा डेन्मार्कवाला योनास व्हिंगेगोर ३९ सेकंदांनी. एवढं मला आज निवांत झोपायला पुरेसं आहे.

१३ जुलै, कोल द्यू ग्रानो

सकाळीच सें-शाफ्रेहून पायी चढायला लागलो. ग्रानोचा घाट ११.३ किलोमीटरचा, सरासरी चढ ९.२ टक्के, माथा २४१३ मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे ही मंडळी त्याच्याही साडेसातशे मीटर वर जाऊन थांबणार, आणि त्याआधी २६४२ मीटरचा गालिबिए पार करून येणार. टूरचा टप्पा इथे याआधी १९८६ मध्ये संपला होता. त्या दिवशी ग्रेग लेमाँडनं आपल्याच संघातल्या बर्नार इनोकडून पिवळी जर्सी घेतली आणि इनोच्या अंगावर ती पुन्हा कधी चढली नाही. दाजींनी ही गोष्ट मला वाटेत तीनदा ऐकवली.

वर जाताना झाडं विरळ होत जातात आणि मग संपतातच. शेवटच्या चारेक किलोमीटरच्या आसपास, उन्हात, एका बेल्जियन जोडप्याच्या कॅम्पर गाडीशेजारी जागा मिळाली. गाडीवर डिश, गाडीच्या पोटात टीव्ही. शर्यतीच्या दोनेक तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा येतो आणि लोकांच्या अंगावर टोप्या, बिस्किटं, चावीच्या साखळ्या फेकत जातो. साठीच्या बायकाही त्यासाठी झटापट करतात. दाजींच्या हाती नेमकी डुकराच्या सॉसेजची दोन पाकिटं लागली. दाजी माळकरी! त्यांनी ती तत्परतेने बेल्जियन काकांना अर्पण केली आणि बदल्यात आम्हाला टीव्हीसमोर दोन घडीच्या खुर्च्या मिळाल्या. संपूर्ण प्रवासातला हा सर्वात फायद्याचा व्यवहार.

आणि बरंच झालं, कारण आजची लढाई ग्रानोवर नव्हे, ६० किलोमीटर अलीकडे पेटली. जंबोनं वाउट फान आर्ट आणि लापोर्त या दोघांना सकाळीच पुढच्या घोळक्यात पाठवून ठेवलं होतं. मागून तेलेग्राफच्या घाटात बाकीच्यांनी वेग चढवला. मग गालिबिएच्या वाटेवर सुरू झालं ते बघून बेल्जियन काका खुर्चीतून उठले. एकदा जंबोचाच प्रिमोझ रोग्लिच पळे, पोगाचार त्याला गाठे. गाठला की दुसऱ्या बाजूने व्हिंगेगोर पळे. त्यालाही गाठला की पुन्हा रोग्लिच.

यातली खोच अशी. रोग्लिच पाचव्या टप्प्यात, उत्तरेच्या दगडी रस्त्यांवर पडला होता; खांदा निखळलेला, एकूण वेळेत अडीच मिनिटांहून अधिक मागे. टूर जिंकणं त्याला जवळपास अशक्य होतं. पण एवढा मोठा गडी दहा मिनिटांनी मागे असता तर पोगाचारनं त्याला खुशाल जाऊ दिलं असतं. अडीच-तीन मिनिटांवर असलेल्याला सोडून कसं चालेल? म्हणजे रोग्लिचचा उपयोग असा की त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. प्रत्येक धाव थोपवायला पोगाचारला स्वतःच उठावं लागत होतं, कारण त्याचे दोन साथीदार कोविडमुळे घरी गेलेले आणि उरलेल्यांचा या वेगाला निभाव लागेना. दोन वर्षांपूर्वी शेवटून दुसऱ्या दिवशी याच पोगाचारनं याच रोग्लिचची हातातोंडाशी आलेली टूर हिसकावली होती. आज रोग्लिच स्वतःसाठी काहीच मागत नव्हता. नुसता एकेक ठोका मारत होता.

"ही एकावर दोघांची लबाडी आहे," मी म्हणालो.

"संघाची शर्यत आहे ही, भावा," दाजी म्हणाले, आणि मी गप्प बसलो. खरं तर मला आनंदच होत होता, कारण पोगाचार सगळ्यांना पुरून उरत होता. गालिबिएच्या वरच्या अंगाला तर त्यानेच उलट वेग वाढवला आणि व्हिंगेगोर सोडून सगळ्यांना मागे टाकलं. पुढे कॅमेऱ्याकडे बघून तो हसला. मी दाजींकडे बघून हसलो.

मग हेलिकॉप्टरचा आवाज दरीतून वर यायला लागला आणि आम्ही टीव्ही सोडून रस्त्याकडे धावलो. त्यामुळे नेमका वार आम्हाला दिसला नाही. तो आमच्या खालच्या वळणाआड झाला. खालून ओरडण्याची लाट वर आली, पोलिसांच्या मोटारसायकली आल्या, आणि त्यांच्या मागून व्हिंगेगोर. एकटाच. तोंड उघडं, डोळे पुढच्या चाकापलीकडे कुठेतरी. हा गडी काही वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात काम करून मग सराव करायचा, असं दाजी सांगत आले होते. त्या क्षणी ते मला पटलं.

त्यामागे कोलंबियाचा किंताना गेला, फ्रेंच लोकांचा लाडका बार्दे गेला. (किंतानाची या टूरमधली सगळी कामगिरी पुढे ऑगस्टमध्ये रद्द झाली; रक्तात ट्रामाडोल हे शर्यतीत बंदी असलेलं वेदनाशामक सापडलं.) वेल्सचा थॉमस गेला. मी घड्याळ बघत होतो. पिवळी जर्सी आली तेव्हा तिची चेन पुरती उघडी होती आणि दोन्ही बाजू वाऱ्यावर फडफडत होत्या. एरवी सायकलवर नाचणारा पोगाचार आज खांद्यांनी ती ओढत होता. आमच्या बाजूचा एक डॅनिश घोळका क्षणापूर्वी बेभान नाचत होता. त्यांनीही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या घशातून काही निघालं नाही. दाजींनीच माझ्या वतीने "अले, ताडेय, अले!" (फ्रेंचमधलं ‘चल, चल’) असं ओरडून घेतलं.

२ मिनिटं ५१ सेकंद. एका घाटात गेली. पिवळी जर्सी व्हिंगेगोरकडे, पोगाचार २ मिनिटं २२ सेकंदांनी मागे (त्याची आधीची ३९ सेकंदांची आघाडी वजा, टप्पा जिंकणाऱ्याला मिळणारी १० सेकंदांची सूट अधिक). शेवटच्या रेषेपलीकडे त्याने जाऊन व्हिंगेगोरचं अभिनंदन केलं, हे रात्री कळलं. रोग्लिच बराच वेळाने, शांतपणे चढून गेला. त्याचं काम गालिबिएवरच झालं होतं.

१४ जुलै, आल्प द्युएझ

रात्रीच लोतारे घाट उतरून बूर्ग-द्वाझाँला आलो आणि गाडीतच झोपलो. आज फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस, आणि टूरमधला सर्वात नावाजलेला चढ: १३.८ किलोमीटर, २१ वळणं. वळणांचे आकडे खालून वर उलटे मोजतात आणि प्रत्येकावर इथे जिंकलेल्याच्या नावाची पाटी आहे. सातवं वळण डच लोकांचं. १९७६ ते १९८९ या काळात डच सायकलपटूंनी इथे आठ वेळा टप्पा जिंकला, तेव्हापासून हा कोपरा त्यांचा. त्यानंतर २०२२ पर्यंत एकही डच इथे जिंकला नव्हता, पण त्याने कुणाला फरक पडत नाही. नारंगी धूर, नारंगी विग, बिअर, आणि कानठळ्या बसवणारं संगीत. दाजी पाहता पाहता त्यात विरघळले. डच भाषेतली गाणी म्हणणारा माझा माळकरी मेहुणा हे दृश्य मी मोबाइलवर घेतलं आणि ताईला पाठवलं.

शर्यत म्हणाल तर, इंग्लंडचा २२ वर्षांचा टॉम पिडकॉक गालिबिएच्या उतारावरून दगडासारखा सुटला, पुढच्या घोळक्याला मिळाला आणि शेवटी एकटा वर गेला. इथे जिंकणारा तो सर्वात तरुण. क्रिस फ्रूम तिसरा आला. चार टूर जिंकलेला, २०१९ च्या अपघातात हाडं मोडून घेतलेला माणूस नारंगी धुरातून वर जाताना सगळ्या देशांचे लोक त्याच्यासाठी ओरडले. पोगाचारनं माथ्याजवळ दोनदा हल्ला केला. व्हिंगेगोर दोन्ही वेळा चिकटून राहिला. आमच्या वळणापर्यंत यातलं काहीच घडलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलं असं सांगणार नाही. डच कोपऱ्यात उभं राहून शर्यत दिसते कमी, अंगावर सांडते जास्त.

१५ आणि १६ जुलै

गाडी चालवली. कपडे धुतले. मांडें... नव्हे, मांद, असं दाजींनी तिथल्या टप्प्याचं गाव मला नीट उच्चारायला शिकवलं. तिथे ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यूज जिंकला.

१७ जुलै, कार्कासॉन

उन्हाने कहर केला आहे, पारा चाळिशीला टेकलेला. आजचा टप्पा सपाट, वेगवानांचा. रोग्लिच आज निघालाच नाही. दुखापतींनी त्याला घरी धाडलं. वाटेत जंबोचा क्राउसवाइकही पडून बाहेर गेला आणि व्हिंगेगोरसुद्धा एकदा रस्त्यावर आला. दाजींचा चेहरा उतरला. ‘माणसं आहेत’ म्हणणाऱ्यांची माणसं भराभर कमी होत होती. बेल्जियमच्या फिलिप्सेननं धाव जिंकली, किल्ल्याच्या तटाखाली लोकांनी जल्लोष केला आणि गर्दी पांगू लागली.

आम्ही सावलीत बसून राहिलो, म्हणून पुढचं दिसलं. विजेता येऊन तासाभराहून अधिक वेळ झाल्यावर एक सायकलवाला आला. मिकेल मोर्कोव्ह, डेन्मार्कचा. याचं काम असतं आपल्या संघातल्या वेगवान गड्याला शेवटच्या काही शे मीटरपर्यंत वाऱ्याच्या आडोशाने नेऊन सोडायचं. पोवाड्यात शाहिराला झीलकरी लागतो, तसा. आज त्याची तब्येत ठीक नव्हती, सुरुवातीलाच मागे पडला आणि त्या भट्टीत जवळजवळ सगळा टप्पा एकट्याने ओढत आला. विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के वाढवून रोज एक मुदत ठरते. त्यानंतर येणारा शर्यतीबाहेर. मोर्कोव्हची मुदत कधीच संपली होती. गाडीत बसून येता आलं असतं.

"मग आला कशाला?" मी विचारलं.

दाजी म्हणाले, "निघाला होता ना."

१८ जुलै सुट्टीचा दिवस. आम्हीही सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशीचा फोआचा टप्पा टीव्हीवर पाहिला. कॅनडाच्या ह्यूगो उलनं तो जिंकला आणि अपघातात गेलेल्या भावासाठी आकाशाकडे बोट केलं. पोगाचारच्या संघाचे आणखी दोघे तेवढ्यात गळाले: मार्क सोलेर मुदतीत पोहोचला नाही, रफाल मायकाच्या मांडीला इजा झाली. आठांतले आता चार उरले.

२० जुलै, पेराग्युद

छोटा टप्पा, १३० किलोमीटरही नाही, पण घाटामागे घाट. शेवट डोंगरावरच्या विमानाच्या धावपट्टीवर, आणि ती धावपट्टीही सरळसोट कड्यासारखी, १६ टक्के चढाची. आम्ही तिच्याच कडेला जागा धरली. शेजारी मोठा पडदा होता.

माझ्या गटाने आज मान राखला. चारच माणसं, पण आधी ब्येर्ग आणि मग अमेरिकेचा ब्रँडन मॅकनल्टी यांनी असा दम लावला की व्हाल-लुरोंच्या घाटात मागचा अख्खा घोळका फाटला. उरले तिघेच: मॅकनल्टी, पोगाचार आणि व्हिंगेगोर. काही किलोमीटरभर जंबोचा एकही माणूस पिवळ्या जर्सीजवळ नव्हता. मी दाजींना ते पुन्हा पुन्हा दाखवत राहिलो. शेवटच्या भिंतीवर दोघे आमच्यासमोरून गेले, खांदे डोलवत, इतके हळू की चेहऱ्यावरचा घाम दिसत होता. व्हिंगेगोरनं मुसंडी मारली, पोगाचारनं त्याला परत गाठलं आणि जिंकला.

मी नाचलो. मग हिशेब आला. दोघे एकत्रच पोहोचलेले. पहिल्याला १० सेकंदांची सूट, दुसऱ्याला ६. दिवसभराच्या त्या सगळ्या मेहनतीची कमाई चार सेकंद. २ मिनिटं २२ ची झाली २ मिनिटं १८.

खरा थरार पुढेच होता. फाबियो याकोबसेन, दाजींच्या संघाचा नसला तरी दाजींच्या हॉलंडचा, म्हणजे डच. २०२० मध्ये पोलंडच्या शर्यतीत धावेच्या शेवटी कठड्यावर आदळून तो कोमात गेला होता. या वर्षी टूरचा दुसरा टप्पा त्याने जिंकला. मोर्कोव्ह ज्याला वाट करून द्यायचा, तो हाच. सपाटीवर वीज, घाटात दगड. सगळे येऊन गेले, ध्वनिक्षेपकावरचा माणूस मुदतीचा वेळ सांगू लागला आणि पडद्यावर खाली एक एकटी आकृती दिसली. त्याचे सहकारी रेषेपलीकडे उभे राहून ओरडत होते. मग धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडायला लागले. स्लोव्हेनियाचे, डेन्मार्कचे, बास्क, फ्रेंच, आम्ही दोघे. पोगाचारसाठी मी ओरडलो त्याहून मोठ्याने. याकोबसेन नागमोडी चालवत, डोकं हँडलवर टेकवत वर आला. जेमतेम काही सेकंद शिल्लक होते. रेषा ओलांडली आणि तो सायकलसकट सहकाऱ्यांच्या अंगावर कोसळला.

पहिल्या दोघांतलं अंतर चार सेकंदांनी कमी झालं यापेक्षा हे मला जास्त दिवस लक्षात राहील. दाजींचे डोळे भरलेले होते. ते म्हणाले, ऊन.

२१ जुलै, ओताकाम

टप्पा लूर्दहून निघाला. मेणबत्त्या आणि पवित्र पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या दुकानांपुढून सायकली गेल्या असतील. आम्ही पहाटेपासून ओताकामच्या चढावर होतो, माथ्याच्या चार किलोमीटर अलीकडे. पोगाचारकडे हा शेवटचा घाट होता. परवाच्या वेळचाचणीत (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लढायचा टप्पा) दोन मिनिटं भरून निघणं कठीण.

टीव्ही आज एका बास्क कुटुंबाचा. स्पाँदेलच्या घाटात पोगाचारनं हल्ल्यामागे हल्ले केले, व्हिंगेगोर हलला नाही. मग उतार. अरुंद, खडीचा. आधी व्हिंगेगोरची सायकल घसरली. पाय काढून कशीबशी सावरली. लगेचच पुढच्या वळणांत पोगाचार खडीत गेला आणि पडला. आमच्याभोवती सगळे एकदम ओरडले. उठून तो निघाला तेव्हा मांडीवर रक्त आणि धूळ होती. आणि पुढे रस्त्यावर पिवळी जर्सी वळून मागे बघत होती, पाय न मारता. पोगाचारनं त्याला गाठलं आणि हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले.

दाजी माझ्याकडे बघत होते. टोमणा मारायची संधी होती, मारला नाही. मी त्या वेळी फार हेलावलो, हे खरं. पण व्हिंगेगोरनं शर्यत दान केली असं जे म्हणतात ते मला पटत नाही. त्याच्याकडे दोन मिनिटांहून अधिक आघाडी होती आणि पुढे रस्त्यावर त्याचा एक माणूस वाट बघत होता. तो थांबला हे उमदेपणाचंच. पण थांबणं त्याला परवडणारं होतं, आणि ते परवडावं म्हणून त्याच्या संघाने आठ दिवस राबून ठेवलं होतं.

तो माणूस म्हणजे फान आर्ट. हिरवी जर्सीवाला, धडधाकट, सपाटीवर धावा जिंकणारा गडी. सकाळपासून पुढे पळत होता. ओताकामच्या चढावर आधी जंबोच्या सेप कुसनं वेग धरला, मग हे दोघे फान आर्टपर्यंत पोहोचले आणि त्याने एकदा मागे पाहून जोर लावला. घाटाशी ज्याचा संबंध नसावा अशा माणसाने टूरच्या दोन वेळच्या विजेत्याला घाटात मागे टाकलं. हे आमच्या अगदी अलीकडे घडलं. आम्हाला दिसलं ते असं की फान आर्टनं बाजूला होऊन व्हिंगेगोरला जाऊ दिलं होतं, आणि मधल्या मोकळ्या रस्त्यानंतर पोगाचार, दात आवळून, एकटा. या वेळी माझा आवाज निघाला. तो दुसरा आला, १ मिनिट ४ सेकंदांनी मागे. फान आर्ट त्यानंतर तिसरा! एकूण फरक ३ मिनिटं २६. ठिपक्यांची जर्सीही व्हिंगेगोरच्याच नावावर.

"माणूस नाही, माणसं," मीच म्हणालो. दाजींनी शेवटची दशमी अर्धी करून मला दिली.

२४ जुलै, आइन्डहोव्हन

शनिवारची वेळचाचणी आणि आजचं पॅरिस ताईच्या सोफ्यावरून. चाचणी फान आर्टनं जिंकली, व्हिंगेगोर दुसरा, पोगाचार आठ सेकंदांनी त्याच्या मागे तिसरा. फरक ३ मिनिटं ३४. दुपारी पॅरिसमध्ये नव्याने सुरू झालेल्या महिलांच्या टूरचा पहिला टप्पा झाला. नेदरलँडची लोरेना वीबेस जिंकली, त्यामुळे घरात दुपारपासूनच उत्साह होता. संध्याकाळी शाँझेलिझेवर सगळे धावेसाठी भिडले असताना व्हिंगेगोर आपल्या सोबत्यांबरोबर मागे रेंगाळत, गळ्यात हात टाकत आला. त्यात ५१ सेकंद गेले आणि ते त्याच्या वेळेत धरले गेले. म्हणून अधिकृत निकाल: व्हिंगेगोर पहिला, पोगाचार २ मिनिटं ४३ सेकंदांनी दुसरा, थॉमस ७ मिनिटं २२ सेकंदांनी तिसरा.

"दोन त्रेचाळीस," मी म्हणालो. "ग्रानोच्या एका दिवसापेक्षाही कमी."

"तीन चौतीस," दाजी म्हणाले. "ते एक्कावन्न त्याने गप्पा मारण्यात घालवले."

"घालवले ना? मग गेले."

"अरे, फोटो काढत येत होता तो!"

ताईने दोघांनाही जेवायला बोलावलं. मी पुण्याला परतलोय, तरी अधूनमधून रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर दाजींचा नुसता आकडा येतो, ३:३४, आणि मी २:४३ पाठवून देतो.